बायकांच्या बाजूला

"बाय, पदर आवर. गोमू धावत नाय कधी. गोमू चालते."

हा आवाज हैबतीबुवांचा. बुवांना जाऊन पाच शिमगे झाले, पण आवाज अजून तसाच आहे, तंबाखूनं घोगरा झालेला आणि मायेनं मऊ. शिमग्यात उमरठच्या वरच्या वाडीतले खेळे घरोघर नाचायला निघत. त्यांच्यात एका मुलाला साडी नेसवून गोमू करायची रीत होती. त्या वर्षी मुलं लाजत होती, कुणी पुढं येईना. तेव्हा किशोरचा नऊ वर्षांचा मंगेश म्हणाला, मी होतो. बुवांनी आपल्या बायकोचं हिरवं लुगडं त्याला नेसवलं, कुंकू लावलं, आणि पायात चाळ बांधता बांधता त्याला 'बाय' म्हटलं. पावसाळाभर फुगलेल्या दाराची कडी काही केल्या बसत नाही आणि एका कोरड्या सकाळी हात लावताच बसते. पोराच्या आत तसं काहीतरी बसलं.

मग अंगणाअंगणांतून ढोलकी घुमायची आणि मागून खेळे म्हणायचे,

गोमू आली गो दारात, हळद लावा गो तिला
परक्याची पोर कुणाची, घरात घ्या गो तिला

बायका हसत पुढं यायच्या आणि हळद लावायच्या. कुणी गालाला हात लावून कडाकडा बोटं मोडायच्या. असे पाच दिवस. सहाव्या दिवशी लुगडं धुऊन बुवांच्या घरी परत जायचं आणि मंगेश शाळेत.

सात वर्षं ती गोमू झाली. सोळाव्या वर्षी वरच्या ओठावर लव काळी पडली, खांदे रुंदावले, आणि बुवांच्या मुलानं दुसरा पोरगा घेतला. "तू आता गोमूसारखा दिसत नायस रे," तो म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या दिवसानंतर वर्षातले ते पाच दिवसही गेले.

वाडी जिला मंगेश म्हणते ती आता सतरा वर्षांची आहे. ती स्वतःला अक्षदा म्हणायला लागली त्याला दोन वर्षं झाली. हे नाव चौघांना माहीत होतं: महाडच्या कॉलेजातली मैत्रीण श्रुतिका, डॉक्टरबाई, आई, आणि दिवाळीपासून बाबा. बाबांनी ते अजून एकदाही उच्चारलेलं नव्हतं.

डॉक्टर प्रियदर्शिनी महाडच्या एका दवाखान्यात दर मंगळवारी यायच्या. जादा तासाचं निमित्त काढून अक्षदा तीन महिने त्यांच्याकडे जात होती. जानेवारीच्या पहिल्या मंगळवारी त्यांनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि पाकीट बंद न करता तिच्यापुढं ठेवलं.

"वाच. तुझ्याबद्दल लिहिलंय, तुला माहीत हवं. तिथं ते बोलतील, तपासतील, पुढचं मग ठरेल. लगेच हार्मोनच्या गोळ्या हातात पडतील असं समजू नकोस."

"हो मॅडम."

"अठरा पूर्ण नाहीत तुला. या फॉर्मवर आईवडील दोघांच्या सह्या लागतील, आणि दोघांपैकी एकानं सोबत जायचं. अठ्ठावीस तारीख, सोमवार. अकराला केसपेपरची खिडकी बंद होते. ही तारीख चुकवू नकोस बाळा, मागच्या मुलाला पुढची तारीख मिळायला सात महिने लागले."

सात महिने. रोज सकाळी सूर्य उगवायच्या आत, विहिरीवर कुणी नसताना ती दाढी करायची. आवाज फुटून गेलाच होता. आपलं अंग म्हणजे कुणीतरी दुसराच बांधत चाललेलं घर, आणि आपण त्याच्या दारात उभ्या, असं तिला वाटायचं. रोज एक वीट चढत होती.

डॉक्टरांनी दोन पानं लिहून आणायला सांगितली होती: कधीपासून असं वाटतं, घरी कोण काय म्हणालं. तिनं ती अकरा वेळा लिहिली. गोमूचं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. सोबत एक फोटो लावला. हिरवं लुगडं, गालावर हळद, आणि डोळ्यांत असा काही उजेड की तो मंगेशच्या शाळेच्या एकाही फोटोत नव्हता.

आई, राजश्री, पिठाच्या डब्यावर फॉर्म ठेवून सही करायला बसली. एकेक अक्षर शेवई वळावी तसं वळत होती.

"तुझ्या येळला नर्सला इचारलेलं, काय हाय. ती बोलली ते मी ऐकलं," आई म्हणाली. "आता तू बोलतंस ते ऐकते. मला काय, मी ऐकणारीच."

"तुला राग नाय आला?"

"आला व्हता. भाताला आधण ठेवायचं व्हतं, मंग इसरले." तिनं पेनाला टोपण लावलं. "तुझा बाप सही करंल तवा खरं."

त्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी सत्तावीस तारखेला, पनवेलला कॉस्प्लेची स्पर्धा होती. हे श्रुतिकानं मोबाईलवर शोधून काढलं. गेममधल्या, चित्रकथांमधल्या माणसांचे पोशाख स्वतः बनवायचे आणि ते घालून मंचावर यायचं. त्यात एक गट स्वतः कल्पिलेल्या पात्रांचा होता. अक्षदाच्या फिजिक्सच्या वहीत मागच्या पानांवर एक पात्र वर्षभर उभं होतं. सावित्री नदीची राखणदार. खंड्या पक्ष्याच्या पंखासारखं निळं चिलखत, हातात वेळूचा भाला, आणि भोवताली पुराचं पाणी.

"रविवारी राखणदार, सोमवारी पेशंट," श्रुतिका म्हणाली. "एका तिकिटात दोन खेळ."

"गप गो."

चिलखताला फोम लागणार होता. तो घरातच होता. बाबा, किशोर, महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर होते. नव्या यंत्रांच्या खोक्यांतून निघालेला काळा जाड फोम ते गाद्यांखाली घालायला घेऊन यायचे. एका रविवारी अक्षदा ओटीवर बसून तो विळीनं कापत होती, तर बाबा अंघोळ करून बाहेर आले आणि थांबले.

"असं कापतात काय? दूधी हाय काय तो?"

"मंग कसं?"

"सर तिकडं."

गेली बावीस वर्षं ते पाइपांच्या जोडांत बसवायचे रबराचे गॅस्केट कापत होते. मिलिमीटर चुकला तर ॲसिड गळतं. त्यांनी कटर आणला, वहीतलं चित्र दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं.

"मावळा हाय?"

"नाय. नदीची राखणदार."

"राखणदार म्हंजे बाई?"

"बाई."

त्यांनी कटर उघडला. खांद्याचे तुकडे कापून झाले, मनगटांचे झाले. दुसऱ्या रविवारी त्यांनी कंपनीतून गरम हवेची गन मागून आणली. ती फोमवर फिरवली की तो मऊ पडायचा आणि वाकवू तसा वाकायचा. मग छातीचा तुकडा आला.

"हितं सपाट नको," अक्षदा म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

बाबा थांबले. गन बंद केली. उठून आत गेले, आणि ती घाबरली. पण ते देवळीतला तांब्या घेऊन आले. तो पालथा घातला, फोम गरम करून त्याच्या बुडावर दाबला, हात भाजत होते तरी सोडला नाही.

"एवढं बास?"

"थोडं कमी."

"कमी. बरं."

परत गरम केला, परत दाबला. दोन्ही बाजू सारख्या झाल्या का ते पट्टीनं मोजलं. मग तो तुकडा तिच्या छातीला लावून पाहिला आणि पाहताना नजर तिच्या डोक्यावरच्या भिंतीकडे ठेवली. "बसला," ते म्हणाले. त्यांच्या कामातला तो सगळ्यात मोठा शब्द होता.

अक्षदाला वाटलं, झालं. ज्या हातांनी हे केलं ते सही करणारच. ती उठली आणि फॉर्म आणून त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला. मग मागं उलटून पाहिलं. मागं काही नव्हतं.

"हे खेळाचं नाय."

"नाय."

"गोमू झालास, मी काय बोललो? सात वर्सं वाडीत नाचलास, लोकं हसली, मी पण हसलो. आता हे चिलखत मी माझ्या हातानं करून देतोय. आजून काय पायजे तुला?"

"सही."

"खेळात सगळं चालतं रे. खेळ उठला की माणूस घरी येतो. तू घरी येऊन कोण व्हनार?"

"हीच."

आत आईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. बाबा बराच वेळ कटरचं पातं आतबाहेर करत राहिले.

"देवीला इचारू," ते शेवटी म्हणाले. "तिनं कौल दिला तर सही करीन, सोमवारी येतो पण तुझ्यासंगं. नाय दिला तर अठरा व्हईपत्तोर तू हा इषय काढायचा नाय. आठ म्हयन्यांनी काय करायचं ते कर."

"कबूल," अक्षदा म्हणाली.

ती एका क्षणात कबूल झाली, कारण बाबांनी आयुष्यात कौल मोडला नव्हता. बोअरवेल कुठं मारायची, ते कौलानं ठरलं. आत्याला कामोठ्याला द्यायचं की नाही, ते कौलानं. एकदा देवीनं नाही म्हटलं म्हणून त्यांनी गुजरातची दुप्पट पगाराची नोकरी सोडली होती. आणि देवीशी तर तिची ओळख होती. पहिल्या शिमग्यात गोमूची पहिली ओटी तिच्याच देवळात भरली होती.

शुक्रवारी सकाळी ते दोघं देवळात गेले. गुरव मोरूआजा आंघोळ करून बसलेच होते. कौल लावायचा म्हणजे तगरीच्या कळ्या ओल्या करून देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या, आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर उजवा कौल, म्हणजे होकार; डावी पडली तर डावा, म्हणजे नकार. काय विचारलंय ते मोठ्यानं सांगायलाच हवं असं नाही. मनात धरलं तरी चालतं, गुरव फक्त कळी बघतो.

गाभाऱ्यात पुरुषांनी जायचं, बायकांनी उंबऱ्याच्या अलीकडे. अशी तिथली रीत. बाबा आत पाय टाकताना वळले.

"चल."

वाडीच्या हिशोबानं तिला आत जायचा हक्क होता. पूर्वी कितीदा गेली होती, नारळ फोडला होता, घंटा वाजवली होती. पण आज नेमकं काय विचारायला आलो आहोत? हे विचारायला मुलगा होऊन आत जायचं?

"मी हितंच थांबते," ती म्हणाली.

बाबांनी ऐकलं. ते वाकून आत गेले.

उंबऱ्याच्या अलीकडे गुरवाची बायको रंगूबाई वाती वळत बसली होती. अक्षदा तिच्या शेजारी मांडी घालून बसली.

"काय रे मंग्या, बायकांच्यात बसतंस? शिमगा आजून लांब हाय," रंगूबाई म्हणाली आणि स्वतःच हसली. "बसलास तर बस. कापूस धर हा."

अक्षदानं कापूस धरला. गाभाऱ्याचं दार लहान, बाबांची पाठ रुंद. त्या पाठीपलीकडे काळोख, काळोखात समईचा एक ठिपका, आणि त्याच्याही पलीकडे कुठंतरी दोन पांढऱ्या कळ्या. तिच्या हातात एक, दोन, सहा, दहा वाती झाल्या. आत मोरूआजा काहीतरी पुटपुटत होते. कौलाला कधी लगेच लागतं, कधी तास लागतो.

बाबा बाहेर आले ते रुमालाला हात पुसत.

"डावा," ते म्हणाले, आणि चपला घातल्या.

तिनं मोरूआजांना विचारलं नाही. ते तिच्या मनातही आलं नाही. माणूस कशाबद्दलही खोटं बोलेल, कौलाबद्दल नाही.

संध्याकाळी तिनं श्रुतिकाला फोन केला.

"तू स्वतः पाहिलंस?"

"नाही. मी आत गेले नाही."

"का?"

"आत पुरुष जातात."

"मग बरोबर केलंस," श्रुतिका म्हणाली, आणि तिला रडू येतंय हे अक्षदाला कळलं. स्वतः तिला रडू येत नव्हतं. देवीवर रागवायची सवयच नव्हती.

पनवेलला जायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. बाबांनीच जायला लावलं. चिलखत झालं होतं, तीन हात रंग झाला होता, शिवाय एवढं काम वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "गर्दीत मोडंल ते. मी धरतो," ते म्हणाले, आणि सोमवारची सुट्टी टाकून शनिवारी, साड्यांच्या दुकानाच्या दोन मोठ्या पिशव्यांत नदीची राखणदार भरून तिच्यासोबत एसटीत बसले. रात्री कामोठ्याला आत्याकडे उतरले.

स्पर्धेच्या हॉलमध्ये पंख लावलेली मुलं होती, निळ्या केसांच्या मुली होत्या, माणसाएवढ्या तलवारी होत्या. बाबा जत्रेत बैल बघत फिरावं तसे फिरले. "हे गरम गोंदानं चिकटवलंय," एका राक्षसाच्या खांद्याला बोट लावून ते म्हणाले. "सुटंल दुपारपत्तोर." राक्षस घाबरून खांदा बघू लागला.

नावनोंदणीच्या टेबलापाशी पिवळा टीशर्ट घातलेली मुलगी बसली होती.

"नाव?"

"अक्षदा."

"सोबत कोण?"

"वडील."

मुलीनं मान वर केली. "काका, तुमच्या मुलीचं चिलखत भारी आहे. कुणी बनवलं?"

अक्षदानं जमिनीकडे पाहिलं.

"आमी दोघांनी," बाबा म्हणाले.

त्यांनी ते शब्द दुरुस्त केले नाहीत. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत उभे राहिले. मंचावर जाताना तिच्या पाठीचा पट्टा तुटला तेव्हा खिशातून तार काढून त्यांनी तो तिथल्या तिथं बांधला, टोक आत वळवलं, टोचतंय का विचारलं. ती दिव्यांत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका लहान मुलीनं येऊन भाल्याला हात लावला आणि "ताई, हा खरा आहे?" म्हणून विचारलं. बक्षीस मिळालं नाही. चाळीस मिनिटांनी तिनं चिलखत उतरवलं, आणि आतून घामानं भिजलेला मंगेशचा शर्ट निघाला. पूर्वी पाच दिवस मिळायचे, आता चाळीस मिनिटं.

"मजा आली ना?" बाबांनी विचारलं.

"आली."

"मंग झालं."

ती रात्रही आत्याकडे काढून सोमवारी सकाळी आठ वाजता ते पनवेलच्या स्टँडवर उभे होते. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या एकामागून एक लागत होत्या आणि कंडक्टर ओरडत होते. अक्षदाच्या सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या फोल्डरात चिठ्ठी होती, दोन पानं होती, आईच्या सहीचा फॉर्म होता. का आणलं ते तिला सांगता आलं नसतं. रुमाल काढताना तो फोल्डर अर्धा वर आला. बाबांनी पाहिला. मग ते दुसरीकडे वळले आणि घराकडच्या, पोलादपूरच्या गाडीत जागा धरायला गेले.

गाडीत बाबा नेहमी झोपायचे. त्या दिवशी झोपले नाहीत. पेणला त्यांनी घड्याळ पाहिलं. वडखळला पाहिलं. कोलाडला रस्त्याच्या कामामुळं गाडी खोळंबली, तेव्हा दर दोन मिनिटांनी मनगट उलटून पाहू लागले. अक्षदा खिडकीला डोकं टेकून होती. तिनं मनात एक रांग उभी केली होती. त्या रांगेत कुणीतरी आपल्या आईबरोबर उभं असेल, कुणी बापाबरोबर. रांग सरकत असेल.

"बरं वाटत नाय काय?" बाबांनी विचारलं.

"बरं हाय."

"पाणी पी."

ती पाणी प्यायली. माणगावला गाडी पंधरा मिनिटं थांबली. बाबा उतरले, खिडकीखाली उभे राहिले, मग दोन कागदी कपांत चहा आणि पानात गुंडाळलेला वडापाव घेऊन वर आले. शेजारची बाई उतरून गेली होती. त्यांनी चहा तिच्या हातात दिला, पिशव्यांतलं चिलखत दाबलं जात नाही ना ते पाहिलं आणि बसले. पुन्हा एकदा घड्याळ पाहिलं.

"अकरा वाजून गेले," ते म्हणाले.

"माहीत हाय."

"खिडकी बंद झाली आसंल आता."

"झाली आसंल."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. कप गुडघ्यावर ठेवला. दोन्ही हातांनी धरला. पुढच्या बाकाच्या पाठीवर कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं नाव होतं, ते त्याकडे बघत राहिले.

"उजवा व्हता," बाबा म्हणाले. "मोरूला बोललो, परत लाव. त्यानं परत लावला. दोनी टायमाला उजवाच पडला."